एका मापाचे वेल

लातूरच्या आमच्या खरबूज प्लॉटवरचे राखणदार मामा दर हंगामात माझं डोकं फिरवतात. मी गावोगावचं गावरान बी जमवून लावतो, कारण वाणावाणांतला फरक आधी फळांवर मोजायचा आणि मग डीएनएत तपासायचा असतो. मामांना मात्र सगळं एका मापात हवं. बांधावरची वीटसुद्धा सरळ केल्याशिवाय ते पुढं जात नाहीत. काल मोठे साहेब येणार म्हणून त्यांनी वाकड्या, तडकलेल्या फळांचे वेलच उपटून टाकले.

"अहो मामा, फरकच तर बघायचा होता!"

"पाव्हण्यापुढं असली फळं? भूकंपानंतर आमचं गाव बी एका मापाचं बांधलं, सर. बघायला आलेले सायेब लई खूश झाले."

"आणि तुम्ही?"

"मी आजून बी चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरतो की."