चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

ऑफिसात सगळे तिला आणखीताई म्हणत, आणि हे नाव तिनं चपला झिजवून कमावलेलं होतं. बावीस वर्षं ती दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारत होती. कुठला साबण वापरता, का वापरता, आधी कुठला होता, तो का सोडला. गल्लीची उजवी बाजू धरायची आणि दर चौथं दार वाजवायचं. पाचवं दार हसरं दिसलं म्हणून ते नाही, चौथ्यात कुत्रं आहे म्हणून तिसरं नाही. उत्तर ऐकताना मान डोलवायची नाही, कारण मान डोलली की माणूस आपल्याला आवडेल तेच बोलायला लागतो. आणि जिथं पर्याय नसतात, नुसती मोकळी जागा असते, तिथं माणूस थांबला की विचारायचं, "आणखी काही?" तो स्वतःहून "नाही, एवढंच" म्हणेपर्यंत विचारत राहायचं. मग तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहायचं. "जरा कसंतरीच वाटतं" म्हणाला तर "जरा कसंतरीच वाटतं". "ग्राहक असमाधानी" नाही.

नवीन मुली एकदा विचारून पुढं सटकत. ही सहा-सहा वेळा विचारी, आणि विचारायची अशी की समोरच्याला वाटे, आपल्याकडे खरंच आणखी काहीतरी असणार. टूथपेस्टबद्दल सांगता सांगता एका बाईनं सासूचं अख्खं प्रकरण बाहेर काढलं होतं. ताईनं तेही लिहून घेतलं. कंपनीला काय उपयोग झाला, देव जाणे.

घरी मात्र ही कला चालत नसे. नवरा बस डेपोतून निवृत्त झालेला, शब्द मोजून वापरणारा.

"भाजी कशी झालीय?"

"पाचपैकी तीन."

"आणखी काही?"

"तुझा फॉर्म दुसऱ्या घरी भर बाई."

तर ही गोष्ट चारशे सतराच्या वेळची. चारशे सतरा म्हणजे कपडे धुण्याचं एक द्रव. पांढरी बाटली, वर ना नाव ना चित्र, फक्त आकडा. नाव दिसलं की लोक नावाला मार्क देतात, मालाला नाही, म्हणून नाव झाकायचं. पहिल्या भेटीत बाईच्या धुण्याच्या सवयी विचारायच्या आणि बाटली देऊन यायचं. दोन आठवड्यांनी परत जायचं आणि त्याच बाईला विचारायचं, कसं वाटलं. त्याच बाईला. नवरा, सून, शेजारीण चालत नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं शेवटचं दार एका काकूंचं निघालं. साठीच्या आसपासच्या, आवाज थोडा घोगरा. प्रत्येक उत्तर "आता खरं सांगू का" असं सुरू करायच्या, जणू बाकी आयुष्यभर खोटं बोलत आल्यात. बोलताना अंगठ्यानं टेबलाची कड घासत राहायच्या.

ताईनं सुरुवातीचा मजकूर वाचला, बावीस वर्षांत हजारो वेळा वाचलेला. तुमचा आवाज तपासणीसाठी नोंदवला जाईल. तुम्ही दिलेली उत्तरं कुणालाही सांगितली जाणार नाहीत, घरच्यांनाही नाही.

"घरच्यांना सांगितलीत तरी ऐकतंय कोण," काकू म्हणाल्या. "विचारा."

चौदावा प्रश्न मोकळा होता. कपडे धुण्याच्या कामात सगळ्यात नकोसं काय वाटतं?

"कॉलरी. ह्यांच्या कॉलरी म्हणजे रस्ता पुसल्यासारख्या."

"आणखी काही?"

"मोजे. एकटाच येतो धुवायला, जोडीदार कुठं असतो कोण जाणे."

"आणखी काही?"

अंगठा टेबलावर थांबला. "आता खरं सांगू का, आहे एक. पण..."

पावणेसहा वाजले होते. अजून तीन घरं बाकी होती. ताईचे पाय भरून आले होते आणि तिसऱ्या घरानं सहानंतर येऊ नका म्हणून बजावलं होतं. "राहू द्या काकू," ती म्हणाली, "पुढचा घेऊ." आणि टॅबवर, 'उत्तर पूर्ण होईपर्यंत विचारले का' ह्यापुढं तिनं 'हो' दाबलं.

दोन आठवड्यांनी दार काकांनी उघडलं.

"काकू आहेत का? आज दुसरी भेट ठरली होती."

"ती नाहीये."

"मग संध्याकाळी येऊ? असतील?"

काका तिच्याकडे बघत राहिले. "नाही," ते म्हणाले. "ती नाहीये."

वाक्य तेच, पण ह्या वेळी जोर दुसऱ्या शब्दावर पडला, आणि ताईच्या हातातला टॅब जड झाला.

त्यांनी तिला आत बसवलं. सांगितलं तेही थोडक्यात. तीन दिवसांपूर्वी, सकाळी, काकू बादली घेऊन गॅलरीत गेल्या. दोरीवर चादर टाकली आणि खाली बसल्या. "मला वाटलं चिमटा पडलाय, शोधतेय."

दोरीवर आताही साड्या होत्या. ओल्या. घरभर चारशे सतराचा वास होता.

"बाटली संपत आली," काका म्हणाले. "तिचे सगळे कपडे धुतले मी. वाळले की परत धुतो. तेव्हा विचारा मला, काय विचारायचं ते."

"तसं चालत नाही काका. ज्यांनी पहिल्यांदा उत्तरं दिली, त्यांनीच..."

"हो, ती म्हणाली होती, बाई कडक आहे." ते जरा पुढं सरकले. "मग दुसरं एक करा. तिचा आवाज तुमच्याकडे आहे ना? माझ्याकडे कुठंच नाही. फोन आला की ती माझ्याच हातात द्यायची. मला एकदा ऐकवा. तुमच्याशी चाळीस मिनिटं बोलली ती. माझ्याशी एका बैठकीत कधी इतकी बोलली, आठवत नाही. काय बोलली?"

"ते सांगता येत नाही. शब्द दिलेला असतो. घरच्यांनाही नाही म्हणून."

"माणूस गेल्यावरही?"

ह्याचं उत्तर प्रशिक्षणात कुणी दिलं नव्हतं. ताई उठली. काका दारापर्यंत आले आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "त्या दिवशी फार खूश होती. म्हणाली, आज माझं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं."

त्यानंतर ताईचं काम बिघडलं. म्हणजे गल्ल्या त्याच, दारं तीच, पण लोक उत्तर देता देता थांबले की त्या थांबण्यात तिला घोगरा आवाज ऐकू येई. *आहे एक. पण...* एका शिंप्याला तिनं सुईदोऱ्याबद्दल अकरा वेळा "आणखी काही?" विचारलं. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्ही पोलिसातून आलात का?" घरी नळाखाली बादली भरली की पाण्याचा आवाज बदलतो, तसा बदलला, आणि ती नळ बंद करून कान देऊन उभी राहिली.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"कुणी काही बोललं का?"

"मी? मी कधी बोलतो?"

चौथ्या दिवशी ती मॅडमच्या टेबलापाशी गेली. मॅडम तपासणी बघायच्या. दहातली एक मुलाखत ऐकायची आणि फॉर्मशी ताडून बघायची, हे त्यांचं काम.

"चौदावा प्रश्न मी अर्धा सोडला. खूण पूर्णची केली."

मॅडमनी चष्मा वर केला. "ताई, अख्खा फॉर्म बागेत बसून भरणारे आहेत आपल्याकडे. तुम्ही एका प्रश्नाचं काय घेऊन बसलात?"

"बाई गेल्या."

"कुठं?" मग मॅडमना कळलं. त्यांनी फाईल शोधली आणि हेडफोनची एक बाजू ताईला दिली, एक स्वतःच्या कानाला लावली.

अडतीस मिनिटं. काकू हसत होत्या, कॉलरींना नावं ठेवत होत्या. मग ताईचा स्वतःचा आवाज आला, कोरडा, घाईतला. *राहू द्या काकू, पुढचा घेऊ.* टॅबवर बोटांची टकटक. आणि त्या टकटकीखाली, टेबलाशी बोलावं तसं हळू:

*बादली उचलली की इथं डाव्या बाजूला कळ येते. महिना झाला. ह्यांना नका सांगू.*

आणि लगेच त्यावर ताई: *प्रश्न पंधरावा.*

मॅडमनी फाईल थांबवली.

"तुम्हाला ऐकूच आलं नसणार," मॅडम म्हणाल्या.

"मी ऐकायला गेले होते."

"डॉक्टरकडे जा म्हणाला असतात आणि त्या गेल्या असत्या, असं काही नसतं ताई."

"नसेलही. पण मी म्हणाले नाही."

मॅडमनी चष्मा पुसला. "हे बाहेर जाणार नाही. मी दिलं तर आपण दोघी घरी बसू. शुक्रवारी प्रोजेक्ट बंद होतोय, मग सगळं पुसतात. तोवर इथं बसून हवं तितकं ऐका."

ताईनं दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत ऐकलं. लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवायची सवय हाडात मुरलेली. तिसऱ्या वेळेला तिचे ओठ आवाजाच्या आधी हलायला लागले.

शुक्रवारी दुपारी ती काकांकडे गेली. टॅब नव्हता, कोरा छापील फॉर्म होता. जिना चढताना तिनं स्वतःशी ठरवलं होतं. ह्यांना सांगू नका असं काकू म्हणाल्या होत्या, आणि कंपनीचा शब्दही होताच, म्हणून आपणहून काही सांगायचं नाही. पण काकांनी विचारलंच, तर? तर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतं. ते दडवणं म्हणजे त्या बाईला दुसऱ्यांदा गप्प करणं.

"आवाज आणता आला नाही," ती म्हणाली. "हे घ्या. तुम्ही विचारा."

"काय?"

"जे छापलंय ते. वरून खाली." आणि ती पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली नाही. टेबलापलीकडच्या खुर्चीत बसली, काकूंच्या.

काकांनी फॉर्म लांब धरला, मग जवळ. "आठवड्यातून किती वेळा कपडे धुता?"

"आता खरं सांगू का," ताई म्हणाली, "रोज. हे म्हणतात एक दिवसाआड. ह्यांना काय, म्हणायला पैसे पडत नाहीत."

काकांचा हात खाली आला. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेवर फिरणाऱ्या अंगठ्याकडे बघितलं. मग घसा साफ केला आणि दुसरा प्रश्न वाचला, तिसरा वाचला. सातव्याला ते हसले. दहाव्यापासून ते फॉर्मकडे न बघता विचारायला लागले आणि चुकायला लागले, मग परत कागद धरला.

चौदावा आला. कॉलरी झाल्या. मोजे झाले. काका खाली छापलेली सूचना बोट ठेवून वाचत होते. व्यक्ती स्वतः नाही म्हणेपर्यंत विचारावे.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

गॅलरीत साड्या हलत होत्या.

"आता खरं सांगू का, आहे एक. पण..." ती थांबली, जितकं काकू थांबल्या होत्या तितकंच, आणि कुणी तिला पुढं ढकललं नाही. "बादली उचलली की इथं डाव्या बाजूला कळ येते. महिना झाला. ह्यांना नका सांगू."

काकांनी कागद टेबलावर ठेवला. पालथा.

"मला का नाही सांगितलंस?"

पहिल्यांदाच एकेरी. हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. अडतीस मिनिटांत त्याचं उत्तरही नव्हतं. काका, हे मला ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं होतं. ताईनं ते म्हणायला तोंड उघडलं.

"सांगून काय," ती म्हणाली, घोगरी. "बादली हातातून हिसकावून घेतली असतीत, आणि मग पाठ धरून आठ दिवस झोपला असतात. मागच्या वेळेसारखे."

काकांच्या छातीतून काहीतरी सुटलं, ते हसू होतं की दुसरं काही, सांगता येणार नाही. "झोपलो असतोच," ते म्हणाले. "झोपलोच असतो ग." बराच वेळ ते डोळे पुसत राहिले. मग त्यांनी कागद सुलटा केला. "प्रश्न पंधरावा," ते म्हणाले, आणि अडतीसाव्या मिनिटापर्यंत त्यांनी एकही प्रश्न गाळला नाही.

ताई तिथून थेट ऑफिसात आली. धापा टाकत. मॅडम पर्स आवरत होत्या.

"चारशे सतराची ती फाईल. मला एकच जागा ऐकायचीय."

"दुपारीच पुसल्या ताई. सगळ्या. का?"

"त्यात पाठीचं काही होतं का?"

"कुणाच्या पाठीचं?"

"काकांच्या. पाठ धरते म्हणून. मागच्या वेळी आठ दिवस झोपले होते."

मॅडमनी आठवून बघितलं, खरंच डोळे मिटून. "नाही. तुम्ही गेल्यावर मीही ती शेवटपर्यंत ऐकली की. कॉलरी, मोजे, ती कळ. पाठ कुठंच नव्हती." त्यांनी डोळे उघडले. "मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

ताई उत्तर द्यायला गेली. घशाशी काहीतरी आलं, थोडं घोगरं, आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.