पिळणीचा खटका कुणाचा

फिटरकाकांसमोर एजंट लोकांना नावं ठेवायची सोय नाही. कुणी सहज बोलून गेलं, "अहो, एजंट म्हणजे दोन्हीकडून खाणारी माणसं," की काकांचा पारा चढलाच म्हणून समजा. "तुम्हाला चांगला भेटला नाही हे तुमचं नशीब. आमच्या बाई बघा आधी, मग बोला." आणि मग एजंटबाईंची गोष्ट सुरू. समोरच्याने घड्याळाकडे बघून काही उपयोग नसतो. पण या गोष्टीचा शेवटचा भाग काका दर वेळी गाळतात. लपवायचं म्हणून नाही. तिथपर्यंत आले की ते पाणी प्यायला उठतात. म्हणून ती इथे सगळी सांगायची.

काकांनी चौतीस वर्षं पंप दुरुस्तीच्या कारखान्यात काढली. निवृत्त झाले ते कागदोपत्री. कानामागची पेन्सिल आणि कॉटखालची हत्यारांची पेटी जिथल्या तिथेच राहिली. इमारतीत कुणाचा नळ गळो, कुणाच्या कपाटाचं दार वाजो, पहिली हाक काकांना. आणि काकांचे हात कायम शिवशिवलेले. नाही म्हणणं त्या माणसाला जन्मात जमलं नाही, एक बायको सोडून. तिला ते "हं" म्हणायचे. काकांचं "हं" म्हणजे ऐकलं असंही असतं आणि नाही ऐकलं असंही.

काकूंचं म्हणाल तर कपडे पिळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी पिळलेला टॉवेल दोरीवर टाकला की खाली एक थेंब पडेल तर शपथ. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं महिन्याभरात पूर्ववत झालं. (ते बरं झालं, असं काका सांगतात आणि लगेच मागे वळून बघतात.) पायही बराचसा सुधारला. उजवा हात मात्र नाही. कोपरापर्यंत थोडाफार हलायचा, पुढे नुसता लोंबायचा.

घरात कपड्यांचं मशीन होतं, पण फरशीची फडकी, ओट्याची पुसणी, ही काय कुणी मशीनमध्ये टाकतं? ती काका पिळायला लागले. काकू दारात उभ्या राहून बघायच्या. "याला पिळणं म्हणतात? हे तर कुरवाळणं झालं!" स्वयंपाक, झाडलोट, दुखण्याने हातातून गेलेलं सगळं त्या निमूटपणे सोडायला तयार होत्या. पिळणं नाही. एकदा काका बाजारातून आले तर त्या न्हाणीघरात खाली बसलेल्या, फडक्याचं एक टोक दातात, एक डाव्या हातात. डोळ्यांत पाणी. काकांनी पिशवी तिथेच ठेवली आणि कॉटखालून पेटी ओढली.

भिंतीवर एक पक्का आकडा बसवला, समोर एक फिरता आकडा आणि त्याला हँडल. कपडा दोन्हींत अडकवायचा आणि एका हाताने फिरवायचं. बोलायला सोपं. कपडा घट्ट होत आला की काकूंच्या हाताला दम लागायचा, आणि पकड जरा ढिली झाली की हँडल गर्रकन उलटं फिरून बोटांवर. वर गढूळ पाणी तोंडावर.

"अहो," तोंड पुसत काकू म्हणाल्या, "तुमच्या कारखान्यात तो जॅक होता ना, गाडी उचलायचा? हात काढला तरी गाडी खाली येत नाही. तसं काहीतरी करा की."

"हं," काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी जुन्या पंपातलं दातेरी चाक बसलं आणि त्यावर एक खटका. टक, टक, टक. हात सोडला तरी पीळ जागच्या जागी. काकूंनी एक फडकं पिळलं, खाली हात धरून बघितला, कोरडा. मग म्हणाल्या, "छान. आता खटका सोडवायला दुसरा हात कुठून आणू? कोपराने ढकलता येईल असं लावा. या कोपराने." आणि लोंबत्या हाताकडे बोट दाखवलं. काका पुन्हा "हं" म्हणाले आणि खटक्याला लांब दांडी लावली. झाली पिळणी तयार.

काकूंचा व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. दोन महिन्यांनी तिने विचारलं, "काकू, हा हात इतका कसा सुधारला? मी सांगितलेलं तर तुम्ही काही करत नाही." काकूंनी तिला न्हाणीघरात नेलं. दिवसातून तीस वेळा, कुणी न सांगता, दुखरं कोपर दांडीवर दाबलं जात होतं. मुलगी बघतच राहिली. जाताना तिने एक पत्ता दिला. लोकांचे शोध कारखान्यांपुढे मांडायचे, बनवायचा परवाना द्यायचा, करार करायचे, हेच काम करणारी कचेरी होती ती.

औषधाच्या दुकानावर दोन मजले चढून दोन खोल्या. फडताळावर परक्यांची डोकी मांडून ठेवल्यासारखी: वाकडी कात्री, घडीची शिडी, न सांडणारी किटली. चष्मा केसांत खोचलेल्या पन्नाशीच्या एजंटबाईंनी पिळणी टेबलाला घट्ट बसवली, स्वतःचा रुमाल भिजवून पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला. "काका, आगाऊ एक पैसा घेणार नाही," त्या म्हणाल्या. "विकलं गेलं तर त्यात आमचा वाटा. नाही गेलं तर माझी चप्पल झिजली एवढंच."

"म्हणजे लग्न जमवण्यासारखंच की," काका म्हणाले. "पोरगी आमची, स्थळं तुम्ही बघायची."

"तसंच. फक्त पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत पोरगी कुणाला दाखवायची नाही."

ही अट म्हणजे काकांना शिक्षाच. गोष्ट पोटात राहील तर शप्पथ. नळ दुरुस्त करायला गेले की जीभ टाळ्याला चिकटवून काम करायचे. शेजारी म्हणायला लागले, काकांचं काहीतरी बिनसलंय.

त्या आठवड्यात बाईंनी एक फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न होता: शोधातला कोणता भाग कुणाला सुचला? काकांनी एका दमात स्वतःचं नाव लिहिलं, सगळ्या ओळींवर. यात लबाडी नव्हती बरं का. त्या घरात वीज असो, बँक असो की मुलीच्या शाळेचा दाखला, फॉर्म म्हटला की काकांचं नाव आणि काकांची सही. हात आपोआप चालला.

अर्ज दाखल झाला आणि मग बाईंची पायपीट सुरू झाली. अकरा कारखान्यांनी नकार दिला. एकाने तर विचारलं, आजकाल कोण कपडे पिळतं? बाई प्रत्येक नकार फोन करून सांगायच्या, स्वतः, आणि शेवटी न चुकता विचारायच्या, "काकूंचं कोपर कसं आहे?" बारावा कारखाना आजारी माणसांसाठी वस्तू बनवणारा. त्यांना आवडली. त्यांचा इंजिनीअर म्हणाला, घरी येऊन वापरताना बघू, मग करार करू.

तो आला, बाईही आल्या. न्हाणीघराच्या दारात गर्दी झाली. काकूंनी झोकात फडकं पिळून दाखवलं. इंजिनीअर खूश. "काकांचं डोकं काय चालतं हो!"

"चालतं ना," काकू हसत म्हणाल्या. "जॅकचं मी सांगितलं तेव्हा चाललं. आणि कोपराचं सांगितलं तेव्हा पुन्हा एकदा. नाहीतर अजून तोंडावर पाणी उडत असतं."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला कप ओट्यावर ठेवला आणि निघताना काकांना एवढंच म्हणाल्या, "उद्या दोघं कचेरीत या. काकूंना जिना जमेल का?"

"कशाला?"

"खटका आणि कोपराची दांडी, पेटंट त्या दोनच गोष्टींवर मागितलंय. शोधकाचं नाव चुकीचं असेल तर पुढे कुणीही कोर्टात उभं राहून सगळं पाडू शकतं. आणि चूक सुधारायची तर कारखान्याला कळवावं लागेल. ते माघारही घेतील, काका. खोटी आशा मी लावत नाही."

काका भडकले. "नवराबायकोत काय तुझं-माझं? चाळीस वर्षं एका ताटात जेवतोय आम्ही!"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. "उद्या या," म्हणाल्या आणि गेल्या.

काकांनी दार लावलं आणि जुने कागद काढून बसले. बाईंना दाखवायचं होतं की या घरात सगळं दोघांचंच आहे. बँकेची पुस्तकं, घराचा करार, विजेची बिलं, विम्याचे कागद, गॅसचं कार्ड. एक एक उलटत गेले. दुपारभर उलटत होते. त्या सगळ्या ढिगात काकूंचं नाव एकाच फाइलवर सापडलं, दवाखान्याच्या. काकांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ढीग तसाच पसरलेला टाकून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी काकू कठडा धरून, प्रत्येक पायरीला थांबत, दोन मजले चढल्या. झटक्यानंतरचा त्यांचा पहिला जिना. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "काकू, खटका कुणाला सुचला?"

काकूंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं. माणूस रात्रभर कूस बदलत होता हे त्यांना दिसलं होतं. एवढं जमलेलं आपल्या जिभेपायी मोडायला आलंय, हेही कळत होतं.

"अहो, मी गमतीत बोलले हो," त्या म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं? सगळं यांचंच आहे."

झालं, सुटलं की गाडं! काकांनी फक्त गप्प बसायचं होतं. करार ठरल्याप्रमाणे झाला असता, कुणाला काही कळलं नसतं.

"खोटं बोलतेय ती," काका म्हणाले.

काकू चपापल्या. "अहो..."

"तू थांब. मॅडम, लिहून घ्या. आकडे माझे. हँडल माझं. ते दोन्ही असताना पिळणी कुचकामी होती. जॅकसारखं कर हे हिने सांगितलं. कोपराने सुटलं पाहिजे हेही हिनेच सांगितलं. मी फक्त 'हं' म्हणालो." त्यांचा आवाज चिरकला. "मोडू दे मोडलं तर. आजवर मी हिचं नाव कुठेच लिहिलं नाही हो. काल सगळे कागद बघितले. कुठेच नाही."

 बाईंनी केसांतला चष्मा डोळ्यांवर ओढला आणि लिहायला घेतलं.

कारखान्याच्या वकिलाने दीड महिना सगळं अडकवून ठेवलं. बाईंनी पेटंटच्या वकिलाकडून अर्ज दुरुस्त करून घेतला, दोघांची प्रतिज्ञापत्रं केली (काकूंनी त्यावर अंगठा उठवला), कारखान्यात चार खेपा घातल्या आणि त्याबद्दल आपला वाटा एका टक्क्यानेही वाढवला नाही. काकांनी विचारल्यावर म्हणाल्या, "काका, तुम्ही त्या दिवशी गप्प बसला असता तर मी तुमचं काम सोडणार होते. आता सोडवत नाही." काका हे सांगतात तेव्हा हात जोडून सांगतात, बाई समोर असोत नसोत. गप्प बसून करार करून टाकणारा एजंट भेटला असता तर त्याचेही आपण आभारच मानले असते, आणि बायकोचं देणं मात्र तसंच राहिलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी कारखाना राजी झाला. काकूंना पुन्हा जिना नको म्हणून बाई स्वतः कागद घेऊन घरी आल्या. काकूंनी आठवडाभर डाव्या हाताने सहीचा सराव करून एक वही भरवली होती. उजव्या हाताची सही आता कधी होणार नव्हती, आणि डाव्या हाताने कुठे सही करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

कागदावर दोन नावं होती. वरचं कुणाचं, हे बाईंनी आधी फोनवर विचारून घेतलं होतं. काकांनी सांगितलं होतं, तिचं.

काकूंनी पेन उचललं आणि थांबल्या. "इथे पुढे 'यांची पत्नी' असं लिहायचं ना?"

"नाही काकू," बाई म्हणाल्या. "शोधक. बास."

काकू पहिलं अक्षर काढायला गेल्या तर कागद सरकला. दाबून धरायला दुसरा हात नव्हता. काका पटकन पुढे वाकले आणि दोन्ही तळव्यांनी कागद टेबलावर दाबून धरला.

"घट्ट धरा. हलवू नका," काकू म्हणाल्या.

एक एक अक्षर वाकडंतिकडं उमटत गेलं. बाईंनी घाई केली नाही. अर्ध्या नावापर्यंत आल्यावर काकूंनी मान वर केली, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पेन हवेतच धरलं.

"अहो, कागदावर पडेल!" त्या म्हणाल्या. "तिकडे तोंड करून रडा."