शेंदराखालचा शिपाई

भानुदास माने सर नसते तर मी आज दगडी मूर्तींच्या दुरुस्तीचं काम करत नसतो, वडिलांसारखा मेंढरांमागे हिंडत असतो. त्यात कमीपणा काही नाही. पण करमाळा तालुक्यातल्या आमच्या शाळेत इतिहासाच्या बाई बदलून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, आणि तो तास पी.टी.च्या माने सरांकडे आला. सर सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पुस्तक मिटलं आणि वर्ग मैदानात नेला. दांडगी पोरं हत्ती, चपळ पोरं घोडदळ, उरलेले आम्ही पायदळ. चालुक्य, यादव, बहमनी, आदिलशाही, सगळ्यांच्या लढाया मी पायदळात उभा राहून शिकलो. पुढे वडिलांच्या मागे लागून सरांनीच मला कॉलेजात घातलं. आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर. म्हणून आधी त्यांचं नाव, मग कामाची गोष्ट.

"सायेब, शेपूट कुटं हाय?"

पडद्याच्या आत आम्ही दोघंच होतो, मी आणि मल्लप्पा पुजारी. बाहेर मारुतीच्या देवळासमोर सगळं गाव बसलं होतं आणि भजन चाललं होतं. मल्लप्पा माझ्या कानाशी येऊन विचारत होता.

मी पुन्हा टॉर्च मारला. शेपूट नव्हतं. गदा नव्हती. डोंगर नव्हता. शेंदराचा जाड थर नुकताच उतरवलेल्या त्या काळ्या दगडावर एक माणूस होता. डोक्यावर केसांचा बुचडा, डाव्या हातात गोल ढाल, उजव्या हातात आखूड तलवार.

"एन इदु?" मल्लप्पा कन्नडमध्ये म्हणाला. हे काय आहे? वळसंगच्या पुढे अक्कलकोटच्या अंगाला लोक घाबरले की मराठी सोडून कन्नडमध्ये जातात, हे मला तोवर कळलं होतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही, गावकऱ्यांनी तशी विनंती केली आहे. काम साधं होतं. मारुतीला दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर लावतात. थरावर थर चढत जातो आणि त्याचं कवच बनतं. इथलं कवच वीतभर जाड झालं होतं. एका बाजूने फुगून ते दगडापासून सुटलं होतं. खाली लहान मुलं पाया पडत होती आणि वरून कधीही ढपला कोसळला असता. सरपंच सुरेखाताईंनी आमच्या ऑफिसला फोन केला. आमचं ऑफिस पुण्यात, पण सोलापूर भागाची कामं माझ्याकडे असल्याने मी सोलापुरातच राहतो. मी लाकडी हातोडीने ठोकून पाहिलं. जिथे पोकळ आवाज येतो तिथे कवच सुटलेलं असतं, याला आम्ही tap test म्हणतो. बहुतेक सगळीकडे पोकळच वाजलं. पाचरी सारत कवच तुकड्यांनी उतरवलं, रीतीप्रमाणे ते नदीत सोडायचं म्हणून कापडात बांधलं. शेंदरात शिसं असतं, तेव्हा नदीत सोडू नका, पुरून टाका, एवढं सांगून मी निघणार होतो.

आता निघता येणार नव्हतं.

"मल्लप्पा, हा वीरगळ आहे," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"लढाईत पडलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला दगड. सात-आठशे वर्षांपूर्वीचा असेल."

मल्लप्पा खाली बसला. "माझ्या आज्ज्यानं पुजला, बापानं पुजला. मी सांजसकाळ दिवा लावला. आमी मेलेल्या मानसाला पुजत हुतो व्हय?"

पडदा उघडल्यावर भजन थांबलं. ते एकदम थांबलं नाही. पुढचे गप्प झाले, मग मधले, आणि मागे एक टाळ बराच वेळ एकटाच वाजत राहिला.

गावात तरुण मंडळ आहे. त्याचा अध्यक्ष रेवण सोलापूरला एमआयडीसीत नोकरी करतो, बोलायला तयार. तो पुढे आला, दगडाभोवती फिरला आणि म्हणाला, "ताई, ह्यो मारुती न्हाय. लिहून घ्या माझ्याकडून. आमी काय शिपायाला नवस बोलत हुतो?"

मागे कुणीतरी हसलं. सुरेखाताई हसल्या नाहीत. "मग काय करायचं म्हन्तोस?"

"काय करायचं म्हंजे? भंगलेली मूर्ती आपन पाण्यात सोडतो की. ही तर मूर्तीच न्हाय. हिरीत सोडू. सोलापुरातनं संगमरवरी मारुती आनू. शनिवारी बसवू."

लोकांनी माना डोलावल्या. कुणी दुष्टपणाने बोलत नव्हतं. पूजेतला दगड रस्त्यावर टाकायचा नाही, पाण्यात सोडायचा, हा त्यांच्या दृष्टीने मानच होता. पण मला पुढचं दिसत होतं. पुरुषभर उंचीचा दगड जेसीबीला साखळी बांधून ओढला तर कोरीव भाग खरवडून निघाला असता. विहिरीत पडताना त्याचे दोन तुकडे तरी नक्की झाले असते. त्यातून काही शिल्लक राहिलं नसतं.

मी मॅडमना, म्हणजे आमच्या ऑफिसच्या प्रमुखांना, फोन केला.

"कवच काढायचं काम होतं ना? झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं, मॅडम. पण..."

"पुरातत्त्वच्या ऑफिसला मी आत्ता मेल करते. पण त्यांचा माणूस शनिवारच्या आत येणं कठीण आहे. तू देवाच्या भांडणात पडू नकोस. फोटो काढ आणि निघ."

"मॅडम, दगडाला तेल मुरलंय. ते काढल्याशिवाय फोटोत काही दिसणार नाही. शनिवारपर्यंत थांबू?"

"स्वच्छ करायला थांब. भाषण द्यायला नको."

त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. नको म्हणाल्या असत्या तरी त्यांचं चुकलं नसतं.

दगडात मुरलेलं तेल ओढून काढायला आम्ही poultice लावतो. म्हणजे कागदाच्या लगद्यात द्रावण मिसळून त्याचा जाड लेप द्यायचा. लेप सुकताना तेल शोषून घेतो. मग तो काढायचा आणि नवा लावायचा. गळवावर पोटीस बांधावं तसंच. मल्लप्पा माझ्याबरोबर होता. देव नसला तरी सवय होती, त्यामुळे तो सकाळी आंघोळ करूनच यायचा. दिवा लावावा की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो न लावता समई नुसती घासून ठेवायचा. माझ्याशी फारसं बोलत नव्हता.

लेप उतरत गेला तसा दगड उघडा होत गेला आणि माझा हात हळू चालायला लागला.

वीरगळ बहुधा खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्या वीराला दंडाला धरून वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि त्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. असे दगड मी पुष्कळ पाहिले आहेत. शेताच्या बांधावर, एसटी स्टँडमागे, संग्रहालयाच्या आवारात. ऊनपावसाने त्यांची नाकं-डोळे झिजलेले असतात. त्यातून माणूस होता एवढंच कळतं.

याच्या पापण्या शाबूत होत्या.

ओठांच्या कडेची सुरकुती दिसत होती. ढालीच्या कडेला एक खोक दाखवली होती, वार बसल्यासारखी. समोर घोडेस्वार, त्याच्यापेक्षा दुप्पट मोठा. घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांची माळ मोजता आली असती. स्वाराचा भाला खाली येतोय. याच्या छातीत आधीच एक बाण रुतलाय. आणि त्याच्या पाठीमागे, दगडाच्या डाव्या कडेपर्यंत, गाई. एकीवर एक, दाटीवाटीने. त्यातलं एक वासरू मान वळवून मागे बघतंय.

मी ब्रश खाली ठेवला. मला पुढे काम करवेना.

मोठ्या साम्राज्यांच्या लढाया आपण राजांच्या नावाने वाचतो. अमक्याने तमक्याचा पराभव केला, झालं. पण ते सैन्य चालायचं कशावर? धान्यावर, वैरणीवर, बैलांवर. या पठारावर तर चालुक्यांपासून आदिलशाहीपर्यंत प्रत्येकाची फौज येऊन गेली आहे. सैन्य येण्याआधी किंवा दोन फौजांच्या मधल्या बेवारस दिवसांत गावाची गुरं हाकून नेली जायची. गुरं गेली की पेरणी गेली आणि गाव उठलं. तेव्हा राजा कुठेतरी लांब असायचा. गावाच्या वेशीवर उभं राहायला असला एखादाच असायचा, आखूड तलवारीवाला. तो आणि मी समोरासमोर होतो. मध्ये एका हाताचं अंतर होतं.

"रडताय व्हय सायेब?" मल्लप्पाने विचारलं.

"द्रावण डोळ्यांत गेलं," मी म्हणालो. चष्मा डोळ्यांवरच होता, ते त्याला दिसत होतं.

शनिवारी सकाळी गाव जमलं. जेसीबी देवळामागे येऊन उभा होता. रेवण म्हणाला, "बोला सायेब, काय सांगायचं ते. मग आमचं काम करू द्या."

मॅडमनी भाषण नको म्हटलं होतं. मी फक्त बोटाने दाखवत गेलो. हा घोडेस्वार. हा भाला. हा बाण. या गाई. याचं तोंड घोड्याकडे आहे. लोक जवळ सरकले. वासरू दाखवल्यावर बायका पुढे आल्या.

"नाव काय त्याचं?" सुरेखाताईंनी विचारलं.

इथे मला मोह झाला. दगडाच्या पट्टीवर अक्षरं कोरायला जागा सोडलेली होती, पण कोरलेलं काही नव्हतं. एखादं जुनं भारदस्त नाव सांगितलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. दगड वाचला असता.

"माहीत नाही, ताई. लिहिलेलं नाही."

"राजा तरी कंचा?" एक म्हातारा म्हणाला.

"तेही सांगता येत नाही, काका."

रेवणने हात उडवले. "बगा! नाव न्हाय, गाव न्हाय. इतकी वर्सं आमी चुकीच्याच्या पाया पडलो."

"चुकलात," मी म्हणालो. "पण त्या चुकीनेच तो वाचलाय. असे दगड उघड्यावर झिजून सपाट होतात. तुमच्या शेंदराने याला पाऊस लागू दिला नाही. एवढा स्वच्छ चेहरा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तुमच्या वाडवडलांनी त्याला दर शनिवारी झाकून ठेवलंय, त्यांना माहीत नसताना."

माझं बोलणं पोचलं की नाही ते मला कळेना. तेवढ्यात मागून एक आजी लोकांना कोपराने ढकलत पुढे आल्या. गंगव्वा त्यांचं नाव.

"बाजूला व्हा रं. मला बगू द्या." त्यांनी गाईंवरून हात फिरवला. "माझी म्हस हरवली हुती. हितंच नारळ बोलले. तिसऱ्या दिवशी घरी आली की!"

"आज्जी, ते मारुतीला बोललीस तू," रेवण म्हणाला.

"मारुतीला म्हशीतलं काय कळतंय? ह्यो गुरं राखताना मेला. ह्यालाच कळलं असनार!"

गाव खदखदून हसलं. रेवणलाही हसू आवरेना. हसता हसता तो डोकं खाजवायला लागला, आणि मला वाटतं दगडाचा निकाल तिथेच लागला. पुढची चर्चा त्याला विहिरीत सोडायचं की नाही यावर झालीच नाही. नवा मारुती आला तर बसवायचा कुठे, आणि नैवेद्य आधी कुणाला, यावर मात्र दुपारपर्यंत भांडण चाललं.

शेवटी सुरेखाताईंनी मल्लप्पाला विचारलं, "पुजारी तुमी. तुमीच सांगा."

इतके दिवस गप्प असलेला मल्लप्पा म्हणाला, "घर ह्याचं हाय. मारुती पाव्हना. पाव्हन्याला आधी, घरच्याला मागनं. पर दोगांनाबी वाडायचं."

तसंच ठरलं. नवा मारुती शेजारच्या कोनाड्यात बसला. वीरगळ जागेवरच आहे. त्याला शेंदूर लावायचा नाही, तेल ओतायचं नाही, फक्त पाणी आणि फूल, हे मल्लप्पाने कबूल केलं. नंतर पुरातत्त्वचे अधिकारी येऊन नोंद करून गेले. जेसीबी रिकामा परत गेला आणि भाड्यावरून रेवणची ड्रायव्हरशी बाचाबाची झाली, ती वेगळी.

तेव्हापासून कवच काढायचं काम आलं की मी आधी गावाची बैठक बोलावतो आणि एकच प्रश्न विचारतो, खाली वेगळंच कुणी निघालं तर काय करायचं? लोक हसतात. पण पडदा लावायच्या आधी विचारलेलं बरं असतं.

सोलापूरला परत आल्यावर मी सरांना पत्र लिहिलं. सर फोन वापरतात, पण त्यांना ऐकू कमी येतं.

आदरणीय माने सर,

साष्टांग नमस्कार. तब्येत बरी असेल. सोबत एका दगडाचे फोटो पाठवत आहे. वीरगळ आहे, साधारण यादवांच्या आसपासचा. यातला माणूस पायदळातला, बहुधा कुठल्याच राजाच्या फौजेतला नसलेला. त्याचं नाव मला सापडलं नाही.

शेवटच्या फोटोत त्याचा डावा पाय नीट पाहा. टाच जमिनीपासून उचललेली आहे. तो पुढे पाऊल टाकतोय की मागे वळायच्या बेतात असतानाच बाण लागला, हे मला ठरवता आलेलं नाही. मी भिंग लावून पाहिलं. पुस्तकं पाहिली. गावाला मी जेवढं नक्की होतं तेवढंच सांगितलं.

तुम्ही अशा जागी उभे राहिलेले आहात. तेव्हा टाच कशी उचलली जाते, ते तुम्हाला माहीत असणार. गुडघे साथ देत असतील तर एकदा या. सोलापूर स्टँडवर मी घ्यायला येईन. मला सांगायचं नसेल तर सांगू नका. नुसते त्याच्यासमोर जरा वेळ उभे राहा.

आपला विद्यार्थी,
दत्ता