स्टार्टरचे दात

बेटावरच्या लंबासाच्या ऊसपट्ट्यात स्टार्टर गेलेली लॉरी ओळखायला मेकॅनिक लागत नाही. ती कायम उतारावर नाक खाली करून उभी असते. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला की इंजिन खोकत जागं होतं. कुप्पुसामीच्या लॉरीचा स्टार्टर हंगामाच्या सुरुवातीपासून कधी धरायचा, कधी रुसायचा, आणि गेल्या पंधरवड्यात त्यानं साफच अंग काढून घेतलं होतं. सपाटीवर ऊसतोडीच्या टोळीतली माणसं लॉरी ढकलायची, आणि कुप्पुसामी वर बसून त्यांनाच बोल लावायचा.

पण सोमवारपासून नदीकाठच्या शेताची तोड होती. तिथं उतार म्हणून नाही, आणि उसानं लादलेली लॉरी ढकलणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. म्हणून रविवारी सकाळीच तो हत्यारं काढून बसला.

साठी उलटलेला हा माणूस हट्टी होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बापाच्या हाताखाली लॉरी शिकला, आणि बाप गेल्यापासून टोळीचा ऊस कारखान्यात त्यानंच नेला. दर हंगामाआधी टोळी यांगोनाच्या, म्हणजे मुळ्यांच्या कडवट पेयाच्या, भांड्याभोवती बसून ड्रायव्हर ठरवायची, म्हणजे कुप्पुसामीचं नाव घेऊन पुढची वाटी भरायची. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा अशी त्याची ख्याती होती, आणि तिची घमेंडही त्याला होती. स्टिअरिंग सुटलं तर आपण कोण उरतो, हा विचार अलीकडे त्याला छळायचा, म्हणून तर दुसऱ्या कुणाला तो चावीला हात लावू देत नसे.

त्यानं आधी हेडलाइट लावले. दिवे लख्ख, चावी फिरवली तरी फारसे मंद होईनात. म्हणजे बॅटरी ठणठणीत. स्टार्टरचा मात्र आवाज नाही. याचा अर्थ त्याच्यापर्यंत वीजच पोचत नाही, असं त्यानं ठरवलं आणि चावीचा स्विच बदलला. मग यंत्रातलं काही न कळणाऱ्या बायकोला, येंकटम्माला, वर बसवून चावी फिरवायला लावली. काही नाही. तारांची टोकं घासली, गाडीच्या अंगाला जोडलेली जाड तार सोडून खरवडली, पुन्हा आवळली. तरी काही नाही. दुपार झाली, रोटी आणि टिनच्या माशांचा रस्सा निवून गेला, आणि त्याचा पारा चढत गेला.

चर्चवरून परतताना अपिसाइ आत वळला. पांढरा शर्ट, कमरेला गुंडाळलेला इस्त्रीचा सुलू, काखेत बायबल. टोळीत तो ऊस लादायचा. त्याआधी पाइनच्या जंगलात लाकूड वाहणाऱ्या मोठ्या लॉऱ्या चालवायचा, पण ते दिवस त्यानं कधी कुणाला ऐकवले नाहीत. सोयरीक नसतानाही कुप्पुसामीला तो तावाले म्हणायचा. तावाले म्हणजे मेव्हणा, आणि या बेटांवर मेव्हण्याची टर उडवली नाही तर नातंच तुटलं असं समजतात. कुप्पुसामीचं पोट, त्याची लॉरी, त्याचा पाणचट चहा, यातलं अपिसाइनं काही सोडलं नव्हतं.

"तावाले, बैल जोड आता हिला," तो पालथ्या खोक्यावर बसत म्हणाला. "म्हणजे निदान शेपटी पिरगाळता येईल."

"नुसता बसू नकोस, पाना घे हातात."

"रविवारी लोखंडाला हात लावला तर पास्टर मला स्वर्गाच्या रांगेत तुझ्या मागं उभा करेल. आणि तू तिथंही रांग अडवशील."

कुप्पुसामी पुन्हा बॉनेटखाली वाकला आणि येंकटम्माला हात केला. तिनं चावी फिरवली. तो कान देऊन उभा राहिला, आणि मग मान हलवून म्हणाला, की ही तार आतून तुटलेली असणार, सगळीच काढावी लागेल. अपिसाइचा चेहरा तेव्हा बदलला. तो खोक्यावरून उठला, येंकटम्माला चावी धरून ठेवायची खूण केली, कुप्पुसामीचं मनगट पकडलं आणि त्याचा पंजा स्टार्टरवर नेऊन टेकवला.

स्टार्टर थरथरत होता. आतली मोटर जीव खाऊन फिरत होती.

"केव्हाचा ओरडतोय तो," अपिसाइ त्याच्यासमोर येऊन सावकाश म्हणाला. "फिरतोय, पण धरत नाही." तो हसत नव्हता, आणि कुप्पुसामीला भीती वाटली ती त्या न हसण्याचीच.

कुप्पुसामीनं बॅटरीची तार सोडली, वरचा बोल्ट चाचपत काढला, खालचे दोन काढले आणि ते जड धूड छातीशी धरून बाहेर ओढलं. इंजिनाच्या चाकात अडकणाऱ्या लहान दातेरी चाकाचे दात पार खाल्ले गेले होते. चालू इंजिनावर चावी मारली की दात असे जातात, हे त्यानंच आयुष्यभर नव्या ड्रायव्हरांना खडसावून सांगितलं होतं. आणि या लॉरीची चावी त्याच्याशिवाय कुणी मारत नव्हतं.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. कारखान्याच्या रांगेत चारी बाजूंनी लॉऱ्या घरघरत असताना आपलं इंजिन बंद पडलं असं वाटून तो चावी फिरवायचा. तेव्हा वर उसावर बसलेला अपिसाइ छपरावर थापा मारायचा, आणि हा समजायचा की त्याला घाई झालीय. मागच्या आठवड्यात शेतात लॉरी मागं घेताना तोडणीवाला वाइसाके चाकाजवळ होता. अपिसाइनं त्याला हात धरून ओढला. टोळीतले सगळे वाइसाकेवरच डाफरले, की मध्ये उभा कशाला राहिलास. थांबण्याची शिट्टी वाजली होती का, हे कुप्पुसामीनं विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज नव्हती. तो तिथंच मातीत बसला.

अपिसाइ गेल्यावर त्यानं बायकोला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"अहो, तीन वर्षं झाली, स्वयंपाकघरातून तुम्हाला एकदा तरी हाक मारलीय का मी?" येंकटम्मा म्हणाली. "समोर येऊनच बोलते."

त्याला तिचा राग आला, अपिसाइचा आला, आणि सगळ्यांत जास्त लाज वाटली. पोटापासून चहापर्यंत सगळ्यावर तोंडसुख घेणाऱ्या मेव्हण्यानं कानांबद्दल एकदाही ब्र काढला नव्हता. या मुलखात टर उडवणं थांबतं ते फक्त मेलेल्या माणसापुढं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यानं काम उरकलं. मागं फणसाच्या झाडाखाली भावाची जुनी लॉरी मोडून पडली होती, तिचा स्टार्टर काढला, साफ केला, घासला. पाना लावून इंजिनाचं चाक हळूहळू फिरवत दात तपासले, ते टिकले होते. स्टार्टर बसवून बोल्ट आवळले. मग एका हातानं बॉनेटखाली चाचपत, दुसऱ्यानं खूण करत येंकटम्माकडून चावी मारून घेतली. धक्का हाताला लागला, इंजिन उठलं. त्याला आनंद झाला नाही.

सोमवारी पहाटे तो लॉरी घेऊन नदीकाठी गेला. टोळी कोयते परजत उभी होती. त्यानं सपाटीवरच इंजिन बंद केलं, तसे सगळे चपापले. तो खाली उतरला, वाइसाकेसमोर थांबला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग चावी अपिसाइसमोर धरली.

"मला शिट्टी ऐकू येत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आजपासून हा चालवेल. मी शेजारी बसेन आणि चुका काढेन."

अपिसाइ उजवीकडून चढला, कुप्पुसामी डावीकडून. इतक्या वर्षांत त्या बाजूला तो कधी बसला नव्हता; तिथली गादी फाटलीय हेही त्याला माहीत नव्हतं. अपिसाइनं चावी फिरवली आणि इंजिनानं धरताच सोडली. मग मान वळवून, ओठ स्पष्ट दिसतील असं थांबत थांबत म्हणाला,

"बहिऱ्या, दार लाव. तुझं पोट बाहेर राहिलंय."

कुप्पुसामीनं दार इतक्या जोरात ओढलं की खिडकीची काच खाली घसरली. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसले, ते नेमके ग्रीसच्या फडक्यानं.