साडूंची वात

पालघरपासून तारापूरपर्यंतचे सगळे कारखाने धुंडाळले तरी माझ्या साडूंसारखा हात सापडायचा नाही, असं मी बेधडक सांगतो. ते स्वतःही तेच सांगत. बोईसरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर मीटर दुरुस्त केले. निवृत्तीनंतर उमरोळीच्या घरात बिघडलेलं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी नीट चालणारं घड्याळ उघडलं. लग्नात अक्षता टाकतानाही ते तुटका तांदूळ वेगळा काढत.

बिडी सोडायची म्हणून त्यांनी वाफेची सिगरेट आणली. तेव्हा तिच्यावर बंदी आली नव्हती. तिच्यातली रस तापवणारी तयार कॉइल त्यांना पसंत पडेना. मग स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर केसाएवढ्या तारेचे सहा वेढे घ्यायचे, त्या इवल्याशा वेटोळ्यातून कापसाची वात ओवायची आणि तिची टोकं खालच्या निकोटीनच्या रसात सोडायची, हा त्यांचा रोजचा उद्योग झाला. कापूस मेहुणीच्या देवघरातला. "देवाला दोन वाती आणि यांना चार," ती म्हणायची. वात ओवताना घरात पंखा बंद, कुकर बंद, बोलणं बंद. "कापूस कोंबायचा नाय, साडूभाऊ," ते मला बजावत. "त्याला रस प्यायला जागा पायजे." पण आठ महिने बिडी खरोखर सुटली होती, त्यामुळे मेहुणी कुरकुरत का होईना, कापूस पुरवत होती.

मग केळव्याला सासुरवाडीच्या वाडीत आम्ही सगळे जमलो. साडूंनी ताजी वात ओवली, यंत्र ओट्यावर ठेवलं आणि ते विहिरीवर हात धुवायला गेले. सकाळपासून जो तो त्यांच्या हाताचं कौतुक करत होता. माझ्या हाताला का खाज सुटली, देव जाणे. समईच्या वाती बघत म्हातारा झालेला मी. वात जाड तर ज्योत मोठी, एवढंच मला ठाऊक. त्यांची वात मी उपसली, दुप्पट जाड वळली, टोकाला थुंकी लावली आणि काडीने आत ठासली.

साडूंनी सगळ्यांदेखत झुरका घेतला. जाड वातीत रस चढेना, कापूस करपला आणि ते खोकत खोकत माडाला टेकले. "काय भावजी, हात चुकला वाटतं?" मेहुणा हसत म्हणाला. साडू बोटं उन्हात धरून बघत राहिले. "वय झालं," एवढंच म्हणाले. मी शहाळं पीत होतो, ते पीतच राहिलो. आठवड्याभरात त्यांनी हत्यारं वाटून टाकली आणि बिडी पुन्हा सुरू झाली. पुढे बंदी आली तेव्हा मी स्वतःला समजावलं, की नाहीतरी ते यंत्र सुटलंच असतं. यंत्र सुटलं असतं हे खरं. पण हातावरचा विश्वास कशाला उडाला असता?

गेल्या रविवारी उमरोळीला जाऊन मी सगळं सांगून टाकलं, थुंकीसकट. साडूंनी बिडी विझवली.

"म्हणजे तवा हात बरा होता," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी मेहुणीकडून सुई-दोरा मागून घेतला. पहिल्यांदा दोरा सुईच्या बाजूने गेला. दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा सुईच एवढी थरथरली की मी नजर वळवून परसातल्या सुपारीकडे बघत बसलो.

"डोळ्यांचं हाय," साडू म्हणाले. "हाताचं नाय."

"डोळ्यांचंच," मी म्हणालो.