ओलीतला देश

आमच्या जिन्याच्या भिंतीला ओल आली आहे. वरच्या मजल्यावरच्या इरा आणि जुई या बहिणींनी त्या डागाभोवती पेन्सिलीने किनारा काढला आणि त्याचा देश केला. तो म्हणे दोघा भावांनी वसवला. थोरला थांब्या, धाकटा पुढ्या.

"ही कसली नावं?" मी विचारलं.

"थोरला म्हणाला, इथेच थांबू. धाकटा म्हणाला, अजून पुढे जाऊ," इरा म्हणाली. "त्याआधी त्यांना नावंच नव्हती."

मला हे साफ पटलं. गावोगावच्या मूळपुरुषांची बारशाची नावं वेगळीच असणार. कुणी विहीर खणली, कुणी रान तोडलं आणि लोक त्यावरूनच हाक मारू लागले. पाळण्यातलं नाव आईवडिलांच्या हौसेचं असतं. आपण काय केलं ते सांगणारं नाव नंतर पडतं, आणि तेच टिकतं. कुठल्याही वस्तीला हे दोघे लागतातच, एक मुक्काम ठोकणारा आणि एक शिवेपाशी स्वस्थ न बसणारा.

"सोमवारी रंगारी येणार आहे," मी जपून म्हटलं.

जुईने भिंतीवर तळवा टेकवला.

"येऊ दे की, काका. थांब्या रंगाखाली राहील. पुढ्या बाहेर येईल."