ऑफलाइन घेऊ

राष्ट्राचं नेतृत्व अंगी उपजतच असावं लागतं. आमच्या कंपनीच्या साहेबांच्या अंगी ते मीटिंगा घेऊन घेऊन आलं. नालीचा वास खिडकीतून आला की इंदूरच्या आमच्या गल्लीतली त्यांची पहिली प्रचारसभा आठवते. शेजारच्या काकूंनी विचारलं, “भिया, नालीचं पानी सीधं किचनमध्ये घुसतं, काही कराल का?” साहेब हसून म्हणाले, “काकू, हे आपण ऑफलाइन घेऊ.” ऑफिसात हे वाक्य ज्या विषयावर पडे, तो विषय पुन्हा निघत नसे. काकू मात्र खूश. “बघ, कम्प्यूटरवर नाही टाळलं. खुद येणार म्हणतात.” मी समजावून थकलो. साहेब आता दिल्लीत मंत्री आहेत. काकूंनी किचनचा उंबरठा विटा लावून उंच करून घेतला आणि त्या आणि पुढच्या, दोन्ही निवडणुकांत मत साहेबांनाच दिलं.